गळक्या तळ्याचं लिंपण

माझं माहेर सांगलीकडचं, कृष्णेच्या काठचं. आमच्याकडे पाण्याची काळजी एवढीच, की पावसाळ्यात ते घरात शिरू नये. अशी मी लग्न होऊन पडले माण तालुक्यात. इथे पाहुणा आला की पाणी द्यावं की नुसता चहा, हे बायका आधी डोळ्यांनी बोलून घेतात. माझ्या वडिलांनी स्थळ बघताना सगळं विचारलं. जमीन किती, मुलगा काय करतो, सुपारी तरी खातो का. पाणी आहे का, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. नदीकाठच्या माणसाला ते कसं सुचणार?

मालक, म्हणजे माझे यजमान, मुंबईला मसाल्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहायचे. आमच्या गावात मिसरूड फुटलं की पोरगा मुंबईला, हा रिवाजच. गावात उरायची म्हातारी माणसं, बायका, मेंढरं आणि पेन्शनीतले फौजी. मालक वर्षातून यात्रेला आणि दिवाळीला यायचे. आले की हातातली पिशवी ठेवायच्या आधी रानातल्या विहिरीत डोकावून यायचे. ती विहीर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरुंग लावून काळाकभिन्न खडक फोडून पाडली होती. पायऱ्या इतक्या देखण्या की लोक मुद्दाम बघायला यायचे. पाणी मात्र दिवाळीच्या पुढे कधी टिकलं नाही.

"हीर उन्हाळ्यापातूर टिकू दे," मालक म्हणायचे, "त्याच दिवशी मुंबईला रामराम. हमालीचा बिल्ला काढून देतो कुणालातरी."

दर खेपेला हेच. मी त्या बोलण्याच्या आशेवर दिवस काढत होते. खोटं कशाला बोलू, मला सोनंनाणं नको होतं, नवरा घरी यायला हवा होता. आणि माझा नवरा काही एसटीतून यायचा नव्हता, त्या विहिरीतून यायचा होता.

नव्वद साल उलटून गेल्यावर कधीतरी गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पाझर तलाव मंजूर झाला. साताऱ्याकडून कोरेगाववरून दहिवडीला जाणारा रस्ता त्याच्या कडेनेच जातो. काम रोजगार हमीचं. आम्ही बायका डोक्यावर पाट्या घेऊन माती वाहायचो. साताऱ्याहून मोटारसायकलवर, डोक्याला रुमाल बांधून ओव्हरसियर यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, "हे तळं पाणी साठवायला नाही. ओढ्याचं पाणी इथं अडेल, जमिनीत मुरेल आणि खालच्या अंगाच्या तुमच्या विहिरी भरतील. तळं रिकामं झालं की समजायचं, काम झालं. कळलं का?"

"व्हय साहेब," सगळं गाव एका सुरात म्हणालं. साहेबाला 'न्हाई' म्हणायची आमच्या गावाला सवयच नाही.

तलाव कमिटीचे पुढारी होते सुभेदार. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, म्हणून गाव त्यांना सुभेदारच म्हणे. मिशी, बूट आणि हिंदी, तिन्ही त्यांनी पल्टणीतून आणलं होतं. भरावाच्या पोटात मधोमध काळ्या मातीची भिंत घालायची होती. एक थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसायचं, मग वर दुसरा थर. "ही काळी माती नीट बसली पाहिजे," ओव्हरसियर ओरडायचे, "नाहीतर बांध गळेल!" त्या माणसाने वर्षभर घसा फोडून एवढं सांगितलं, त्यातलं हे एकच वाक्य गावाच्या डोक्यात पक्कं बसलं. काळी माती लावली की पाणी गळत नाही.

त्या साली परतीचा पाऊस झोडपून पडला आणि तळं सांडव्यापर्यंत भरलं. आमच्या गावाने एवढं पाणी एका जागी कधी बघितलं नव्हतं. म्हातारी माणसं सकाळी उठून तळ्याकडे तोंड करून बसायची. बायकांनी तळ्याची खणानारळानं ओटी भरली. मीही भरली, आणि माहेरी सांगावा धाडला की आता आमच्याकडेही पाणी आहे म्हणावं, या बघायला. सुभेदारांनी एका मोठ्या पुढाऱ्याला जलपूजनाला बोलावलं. पुढाऱ्याला सवड नव्हती, त्याने दिवाळीनंतरची तारीख दिली.

दिवाळी झाली, पुढारी आला. हलगी वाजली, लेझीम झाली, फेटे बांधले, आणि सगळी मंडळी बांधावर चढली. खाली चिखल. मधोमध एक डबकं, त्यात एक म्हैस बसलेली. पुढाऱ्याच्या हातात नारळ, पायात पांढरे बूट. तो इकडे बघतो, तिकडे बघतो.

"पाणी कुठाय?"

"आत्ता हितंच हुतं की, साहेब," सुभेदार म्हणाले.

कोण फिदकन हसलं ते आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय सुभेदारांच्या बायकोवरच आहे. पुढाऱ्याने म्हशीच्या साक्षीने डबक्यात नारळ सोडला आणि गाडी काढली. शेजारच्या गावांना तर आयतंच मिळालं. बाजारात आमचा माणूस दिसला की हाळी यायची, "काय रं, गळकं तळं कसं हाय?" पोरींची लग्नं जमवताना पाहुणे विचारायचे, "तळं गळतंय ते तुमचंच न्हवं का?" गावाची मान खाली गेली. फौजेत कधी खाली गेली नव्हती अशी सुभेदारांची मानसुद्धा खाली गेली.

आणि इकडे आमच्या विहिरीला पौषात पायरीपर्यंत पाणी!

माघात पाणी. शिमग्याला पाणी. आत्याबाई, माझी सासू, रोज सकाळी जाऊन खात्री करून यायच्या, आणि कुणाची नजर लागू नये म्हणून पाण्याला हळदकुंकू वाहून यायच्या. खालच्या अंगाच्या सगळ्यांच्याच विहिरी उतू चालल्या होत्या, सुभेदारांचीही. लोक म्हणाले, यंदा पाऊस बरा झाला. कुणी म्हणालं, वाडवडिलांची पुण्याई. तळ्याचं नाव कुणी काढलं नाही. ते बिचारं गळकं म्हणून बदनाम झालेलं, त्याला चांगलं कोण म्हणणार!

मालक शिमग्याला आले. विहिरीत उतरले, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून राहिले. मी वरून बघत होते. पाडव्याला ते मुंबईला गेले, आपला बिल्ला चुलतभावाला देऊन टाकला आणि अंथरुणाची वळकटी काखेत मारून घरी आले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण खरी नांदायला मी तेव्हा लागले. आम्ही कांदा लावला, बैलांसाठी थोडा घास केला. संध्याकाळी ते रानातून यायचे तेव्हा अंगाला मातीचा वास यायचा, मिरचीचा नाही. मला तर आनंदाने काही सुचायचंच नाही. भाकरी करता करता मी गाणी म्हणायची, आणि आत्याबाई म्हणायच्या, "बये, हळू. भाकरी करपतीय."

मग मारुतीच्या पारावर बैठक बसली. विषय एकच, तळ्याची गळती. सुभेदार उभे राहिले. "साहेबानं बांधाच्या पोटात काळी माती घातली, बराबर? बांध गळतोय का? न्हाई. मग गळतंय कुठनं? बुडातनं! साहेब बुडाला माती लावायचाच विसरला." सगळ्यांना पटलं. इतकं सरळ होतं, की कुणाला न पटावं? घरची भुई खडबडीत झाली की बाई सारवतेच ना. आणि घरी आल्यावर चार लोकांत नाव व्हावं, म्हणून सगळ्यांच्या आधी हात वर कुणी केला? माझ्या मालकांनी. बैलगाडी आमची, बैल आमचे.

वैशाखात तळ्याच्या तळाशी काळी माती पडली. गावठाणालगतच्या रानातून गाड्याच्या गाड्या ओढल्या. वळवाचा पाऊस पडून माती भिजली, तेव्हा मेंढक्याला सांगून त्याचा मेंढरांचा सगळा वाडा तळ्यात बसवला. खतासाठी रानात मेंढरं बसवायची आमच्याकडे रीतच आहे, आता तळ्यात बसवली. शेकडो खुरांनी माती अशी तुडवली गेली की पाटा-वरवंटा मागे पडावा. वरून आम्ही बायकांनी खोऱ्यांनी, हातांनी ती घोटली. माझ्या शेजारी सुभेदारीणबाई होत्या. हसून हसून आमचं पोट दुखलं. एवढं मोठं अंगण कुणी सारवलं असेल का जन्मात? मालक गाडी हाकत गाणं म्हणत होते. खरं सांगते, त्या वर्षात गावाने एवढं एकीने केलेलं काम दुसरं नाही.

आणि काम फत्ते झालं! पाऊस झाला, तळं भरलं आणि भरलेलंच राहिलं. दिवाळीला भरलेलं, पौषात भरलेलं. पुढारी पुन्हा आला, या वेळी साधे बूट घालून. नारळ खऱ्या पाण्यात पडला. "गावाने ठरवलं तर काय होऊ शकतं," असं त्याने लांबलचक भाषण केलं, फोटो काढले. म्हशी डुंबायला लागल्या, कुठून कुठून बगळे आले. एसटी तळ्याशी आली की लोक खिडकीतून माना बाहेर काढायचे. गळकं तळं म्हणणाऱ्या गावांची तोंडं बंद झाली. सुभेदारांच्या मिशीला पुन्हा पीळ पडला.

विहीर? दिवाळीलाच बुडाशी गेली. पौषात तिच्यात एक बेडूक होता, माघात तोही निघून गेला.

मालकांचा कांदा वाफ्यात पिवळा पडला. ते सकाळी तळ्यावर जायचे, भरलेलं पाणी बघायचे; तिथून विहिरीवर यायचे, कोरडी विहीर बघायचे; आणि मध्येच रस्त्यात उभे राहायचे. जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या आणला. तो हातात नारळ घेऊन सगळं रान फिरला आणि म्हणाला, "झरा रुसलाय." हे तर आम्हालाही दिसत होतं! आत्याबाईंनी त्याला जेवूसुद्धा घातलं नाही, ताकावर बोळवण केली.

माघाच्या शेवटी ओव्हरसियर आले, बांधाची पाहणी करायला. मोटारसायकल रस्त्यावर लावली, बांधावर चढले आणि जागच्या जागी उभेच. सुभेदार, मालक, आणखी चार माणसं बरोबर. मी वाटेनेच होते, डोक्यावर टँकरच्या पाण्याची घागर.

"हे पाणी इथं काय करतंय?" ओव्हरसियरांनी विचारलं.

"म्हंजे? तळ्यात पाणी असतंय की, साहेब," सुभेदार म्हणाले.

"ते एव्हाना गेलेलं पाहिजे होतं!"

"कुठं?"

"तुमच्या विहिरीत, कुठं!"

मग सुभेदारांनी अभिमानाने सांगितलं, "आमी बूड लिंपलं साहेब. काळ्या मातीनं. तुमी विसरला हुता."

तो भला माणूस डोक्याचा रुमाल सोडून बांधावर खालीच बसला. रडतोय की हसतोय, कळेना. "अरे, पाझर तलाव लिंपला तुम्ही? लिंपला?" एवढंच म्हणत राहिला. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, दुसरं काय! मी मालकांकडे बघितलं. ते आपल्या हातांकडे बघत होते. वैशाखभर त्याच हातांनी त्यांनी माती भरली होती. विहीर बुजवायला माणूस स्वतःच्या बैलांना जुंपतो, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

त्याच आठवड्यात ते निघाले. बिल्ला आता चुलतभावाचा होता. चुलतभाऊ रजेवर गेला तर त्याच्या जागी बदली म्हणून पोती उचलायची, एरवी बसून राहायचं. जाताना मला म्हणाले, "आता हीर भरली म्हून सांगावा धाडू नगंस. माज्या डोळ्यानं बघंन, तवाच खरं." मी म्हणाले, "बघा की, डोळं हायतच." भांडायची ती वेळ नव्हती, पण माझं तोंड असंच आहे. गाडी गेल्यावर मी ओट्यावर बसून जी रडले, ती आत्याबाईंनी ओरडून उठवेपर्यंत रडले.

आता सरळ विचार केला तर दुसऱ्या दिवशी गावाने कुदळी घेऊन तळ्यात उतरायला पाहिजे होतं. छे! "भरलेलं तळं कोण फोडतंय?" सुभेदार म्हणाले. त्यांची स्वतःची विहीर आटलेली, सुभेदारीणबाई माझ्याच रांगेत टँकरला उभ्या, पण तळं सोडवेना. आणि ज्यांच्या विहिरी नव्हत्याच, त्यांना म्हशी धुवायला बरं पडत होतं. मी पारावर जाऊन भांडले. बाईमाणूस पारावर चढलं म्हणून त्याचीच चर्चा जास्त झाली, पाण्याची कमी.

मग आत्याबाई म्हणाल्या, "तू गप. भांडून या गावानं कदी काय केलंय का?" त्या उठल्या आणि चार घरी ताक मागायला गेल्या. जाईल तिथे सांगून आल्या, की तळ्याच्या बुडातल्या मातीसारखं खत दुसरं नाही. काळी माती, त्यात मेंढरांचा लेंडा, त्यावर वर्षभराचा गाळ. आमच्या म्हाताऱ्याने, म्हणजे मामंजींनी, दोन गाड्या आणायचं ठरवलंय, पण तुम्ही कुणाला बोलू नका हो.

बोलू नका म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. चैत्र-वैशाखाच्या उन्हाने तळं आटलं, तसा पहिला गाडा भल्या पहाटे उतरला. दुपारपर्यंत तळ्यात जत्रा. आपल्या वाट्याला कमी येईल म्हणून भावाभावांत जुंपली. जी माती घालायला बैठका घ्याव्या लागल्या, ती काढायला कुणाला बोलवावंही लागलं नाही. शेवटचा थर तर लोकांनी पहारीने खरवडून नेला. सुभेदार दोन दिवस बांधावर फुगून उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांचाही ट्रॅक्टर आला, आणि ट्रॉलीत सुभेदारीणबाई बसलेल्या.

पाऊस झाला. तळं भरलं, आणि दिवाळीच्या पणत्या विझेपर्यंत गुणी बाळासारखं रिकामं झालं. आमची विहीर पायरी पायरीने वर आली. मी सांगावा धाडणार नव्हते, पण न धाडून कसं चालेल? मुंबईला निघालेल्या एकाजवळ सांगितलं, "म्हणावं, या आनि तुमच्याच डोळ्यानं बघा."

दिवस गेले, कुणी आलं नाही. मग एकदा सुभेदार साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून सामान घेऊन आले, आणि आमच्या दारावरून जाताना सहज म्हणाले, "तुझा मालक आज गाडीत हुता की. दहिवडीला गेला बहुतेक, भणीकडं."

"गाडीत? आनि उतरलं न्हाईत?"

"तळ्याकडं बघितलं त्यानं. मला म्हणाला, पाणी न्हाई व्हय? म्या सांगितलं, न्हाई गड्या, यंदा बी समदं गळलं. ठिपूस न्हाई. मग डोळं मिटून बसला."

मी खोटं सांगत नाही, माझ्या हातातला खराटा मी सुभेदारांच्या बुटांवर फेकला. "आवं, तुमची हीर भरलीय का न्हाई? सांगा, भरलीय का न्हाई?"

"भरलीय की काठोकाठ," सुभेदार गांगरून म्हणाले. "पर त्यानं तळ्याचंच इचारलं."

दहिवडीला माणूस पाठवला, तोवर मालक रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले होते. आलो होतो हेही घरी कळू नये, असं बहिणीला सांगून. तळं रिकामं व्हावं म्हणून मी वर्षभर जिवाचं रान केलं, आणि त्या रिकाम्या तळ्यानेच माझा नवरा दारातून परत पाठवला. साहेबाचं बोलणं त्यांना ठाऊक होतं, पण कोरडं तळं दिसलं की डोळ्यांना दुष्काळच दिसतो. त्या दिवशी मी जेवले नाही. रागाने की दुःखाने, दोन्ही सारखंच लागत होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "सांगावं पुरं झालं." त्यांनी विहिरीच्या पाण्यावर आलेल्या वाफ्यातून कांद्याची पात मुळासकट उपटली. मुळाशी आमच्या रानाची ओली माती तशीच. ती ओल्या गोणपाटात बांधली, वर आणखी पाणी मारलं आणि मुंबईला जाणाऱ्याच्या हातात दिली. "माती झाडू नगंस," त्याला बजावलं. "त्याला तशीच दे. तोंडानं काय बी सांगू नगंस."

ते आले तेव्हा मी थांब्यावर नव्हते; कुणीतरी ओरडत आलं म्हणून धावत गेले. एसटी निघून गेली होती आणि मालक रस्त्यात उभे, डोक्यावर ट्रंक, काखेत तीच वळकटी.

"तळं बघितलंत?" मी विचारलं. दुसरं काही तोंडातून येईचना.

"न्हाई. डायवरच्या मागं बसून आलो," ते म्हणाले. "बघितलं असतं, तर पुन्यांदा दहिवडी गाठली असती."

घरी न जाता आम्ही तसेच रानात गेलो. त्यांनी विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले. ट्रंक डोक्यावरच होती, खाली ठेवायचं भान नव्हतं. मीच जाऊन ती उतरवून घेतली.

ते परत कधी मुंबईला गेले नाहीत. पण अजूनही दिवाळीनंतर साताऱ्याहून येताना ते एसटीत तळ्याच्या बाजूला बसत नाहीत. धीर होत नाही म्हणतात. मी मुद्दाम त्याच खिडकीशी बसते. तळं कोरडं ठक्क दिसलं, की माझा जीव गार होतो.